रायफलला तेल कुठे द्यायचं, कुठे नाही? एम-१६ रायफल व्हिएतनाममध्ये का अडकत होती?

साल १९६६-६७. व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांकडे एकदम नवी, वजनाला हलकी एम-१६ रायफल होती. पण ऐन चकमकीत ती अडकायची. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी आतच चिकटून बसायची. मग सैनिकाला नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ढकलावी लागायची. समोरून गोळ्या येत असताना! आणि अनेकांकडे तर ती सळईसुद्धा नव्हती.

हे का झालं आणि त्यातून शस्त्राच्या देखभालीचे कोणते नियम पक्के झाले, हे समजून घेऊ.

आधी हे पाहू, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत ढकलणं ही कामं रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी ताकद मिळते ती गोळीमागे तयार होणाऱ्या गॅसमधून.

यूजीन स्टोनर यांनी डिझाइन केलेल्या एआर-१५ मध्ये हा गॅस एका बारीक नळीतून थेट मागे, बोल्ट कॅरियरमध्ये येतो. एम-१६ ही त्याचीच लष्करी आवृत्ती. यामुळे रायफल हलकी झाली, पण गॅससोबत काजळीही थेट यंत्रणेत येते. म्हणूनच या रायफलला सफाई आणि तेल, दोन्ही वेळच्या वेळी लागतं.

मग गडबड कुठे झाली?

एक नाही, अनेक चुका एकत्र आल्या.

पहिली, दारू बदलली. काडतुसात ज्या प्रकारची दारू धरून रायफल तयार झाली होती, ती बदलून वेगळी वापरली गेली. त्यामुळे बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त वेगाने मागे-पुढे होऊ लागला आणि काजळीही वाढली.

दुसरी, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंज चढायचा, बारीक खड्डे पडायचे आणि पुंगळी त्यात रुतून बसायची.

तिसरी आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे, या रायफलला सफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता. सफाईचं सामानच पुरेसं पोहोचलं नव्हतं.

प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं. १९६७ मध्ये आयकॉर्ड समितीने चौकशी केली आणि लष्करी अधिकाऱ्यांवर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवला. याच काळात चेंबरला क्रोमचा मुलामा आला, बफर बदलला, सफाईचं सामान पोहोचू लागलं. १९६८ मध्ये लष्कराने चक्क एक कॉमिक पुस्तिका छापली. चित्रं होती प्रसिद्ध कॉमिक चित्रकार विल आयझनर यांची. विषय एकच, एम-१६ ची निगा.

सफाईचा क्रम काय?

सगळ्यात आधी सुरक्षा. मॅगझीन काढायचं, बोल्ट मागे ओढून अडकवायचा आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं. काडतुसं त्या टेबलावर ठेवायचीच नाहीत.

मग नळी. ब्रश आणि चिंधी चेंबरच्या बाजूने घालून पुढे तोंडाकडे न्यायची, म्हणजे घाण यंत्रणेत परत येत नाही. एनसीसी किंवा पोलीस प्रशिक्षण केलेल्यांना चिंधी आणि पुल-थ्रू आठवत असेलच. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं.

त्यानंतर बोल्ट. त्याच्या पुढच्या दातांमधली आणि एक्स्ट्रॅक्टरखालची काजळी काढायची. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा. तिथे कचरा राहिला की पुंगळी अडकलीच समजा.

तेल कुठे?

साधा नियम आहे, जिथे धातू धातूवर घासतो तिथे तेल. एआर पद्धतीच्या रायफलमध्ये या जागा अशा:

• बोल्ट कॅरियरच्या ज्या कडा आत घासतात, त्यावर पातळ थर. सतत घासून तिथे चकाकी आलेली असते, त्यावरून जागा ओळखता येते.
• बोल्ट आणि त्याला फिरवणारी कॅम पिन.
• बोल्टवरच्या गॅस रिंग्ज.
• ट्रिगरच्या पिनांवर एखादा थेंब.

तेल कुठे नको?

• चेंबरमध्ये. गोळी सुटताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते. तिथे तेल असेल तर ही पकड सुटते आणि सगळा जोर बोल्टवर येतो.
• काडतुसांवर. वरच्याच कारणासाठी, शिवाय तेल झिरपलं तर काडतूस पेटणारही नाही.
• मॅगझीनच्या आत. तिथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.
• नळीत. साठवताना गंज लागू नये म्हणून पातळ थर चालतो, पण गोळी चालवण्याआधी कोरड्या चिंधीने तो पुसायलाच हवा.

डब्ल्यूडी-४० चालेल का? ते मुळात पाणी दूर सारण्यासाठी बनवलेलं आहे. शस्त्राच्या तेलाला तो पर्याय नाही.

हवामान बदललं की तेलही बदलतं

कडक थंडीत जाड तेल गोठल्यासारखं होतं, म्हणून तिथे पातळ तेल वापरतात. वाळवंटात तेलावर धूळ चिकटते, त्यामुळे तिथे सफाई वारंवार करावी लागते. २३ मार्च २००३ रोजी इराकमधल्या नासिरियात अमेरिकेच्या ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीवर हल्ला झाला. ११ सैनिक मारले गेले. अनेकांची शस्त्रं अडकली होती. वाळवंटात शस्त्रांची नीट निगा न राखणं हे त्यामागचं कारण असू शकतं, असं लष्कराच्याच अहवालात म्हटलं होतं.

आणि दर वेळी दोष तेलाचाच नसतो. मॅगझीनचे ओठ वाकले किंवा स्प्रिंग ढिली पडली तरी रायफल अडकते. असं मॅगझीन ठोकून सरळ करत बसण्यापेक्षा बदललेलं बरं.

भारतात काय नियम?

आपल्याकडे बंदूक बाळगायला शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना लागतो. बंदूक दुरुस्त करून देणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणजे परवानाधारकाने सफाई-तेल स्वतः करावं, पण भाग झिजला, तुटला तर ओळखीच्या वेल्डरकडे नाही, परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्तीवाल्याकडेच जावं.

व्हिएतनामनंतर एम-१६ मध्ये सुधारणा झाल्या आणि तिचे वारसदार आजही अनेक देशांच्या सैनिकांच्या हातात आहेत. पण कितीही सुधारणा झाल्या तरी तेलाची बाटली आणि चिंधी काही सुटलेली नाही.