तेरा जीबीची टेप

2005 साली मी लग्नाचं शूटिंग मिनी-डीव्ही टेपवर करायचो. तासाची टेप लॅपटॉपमध्ये उतरवायला तासच लागे आणि ती 13 जीबी जागा खाई. माझी डिस्क 80 जीबीची. पाच टेपांत भरायची. म्हणून एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतली: विटेएवढी, स्वतंत्र अडॅप्टरची, हाताला गरम लागणारी.

पुढे लॅपटॉपमध्ये एसएसडी आली. वेग वाढला, पण त्या काळच्या हार्ड डिस्कच्या मानाने जागा घटली. 2012 च्या 15 इंची रेटिना मॅकबुक प्रोची सुरुवातच 256 जीबीपासून. माझ्या मते कामाचा ओटा (लॅपटॉप) आणि कोठार (ड्राइव्ह) तिथेच वेगळे झाले.

एकदा ड्राइव्ह टेबलावरून पडली. आतून टकटक आवाज, आणि एका मुलीची सप्तपदी गेली. मूळ टेप कपाटात होती, म्हणून परत मिळाली. आता टेप नाही. लॅपटॉप लहान चालेल, पण ड्राइव्ह दोन घ्या आणि दोन घरांत ठेवा.