पितळेचा टंका

आमच्या छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, दौलताबादचा किल्ला पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे देवगिरीला आणली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला मात्र आजकाल त्याचा दुसरा प्रयोग आठवतो. दोन-तीन वर्षांनी त्याने पितळेची व तांब्याची नाणी पाडली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालतील असे फर्मान काढले. त्यातली काही दौलताबादच्याच टांकसाळीत पडली.

कल्पना वेडगळ नव्हती. चांदीची टंचाई होती, आणि चीनमध्ये कागदी चलन आधीपासून चालत होते. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूरही नाण्यावर घातला होता. पण सरकारी नाणे कोणते आणि घरी पाडलेले कोणते, हे ओळखण्याची सोयच नव्हती. पितळ घरोघर होते. लोक खोट्या नाण्यांनी सारा भरू लागले आणि चांदी दडवू लागले. फर्मानाने नाणे निघते, विश्वास निघत नाही.

आज नाण्याच्या जागी आपली ओळख आहे. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१५ साली डिजिलॉकर आले आणि दाखले मोबाइलच्या पाकिटात ठेवता येऊ लागले. तुघलकाची अडचण इथे बरीचशी सुटली आहे. डिजिटल सही करण्याची गुप्त किल्ली फक्त दाखला देणाऱ्या खात्याकडे असते, तपासण्याची किल्ली सर्वांना खुली असते. दाखल्यातले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही.

पण सही एवढेच सांगते, की दाखला जसा दिला तसाच आहे. त्यात लिहिलेले बरोबर आहे, हे ती सांगत नाही. उर्दूत एकच असलेले माझे नाव मराठीत दोन तऱ्हांनी लिहिले गेले आणि इंग्रजीत तीन. एका कार्यालयात मी मोबाइलवरचा दाखला दाखवला. "हे चालत नाही, झेरॉक्स आणा." झेरॉक्स नेली. "नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र करा." चूक त्यांच्या दप्तराची, स्टॅम्प पेपर माझा!

इथे तुघलकाची एक बाजू सांगायला हवी. प्रयोग फसल्यावर त्याने नाणी मागे घेतली आणि त्यांच्या बदल्यात खजिन्यातून चांदी दिली. तुघलकाबादेत त्या नाण्यांचे ढीग पडून होते म्हणतात. इतिहास त्याला वेडा म्हणतो, पण त्या घटकेला तरी आपल्या चुकीचा भुर्दंड त्याने नाणे आणणाऱ्यावर टाकला नाही.

सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना वैध ठरवली, पण बँक खाते आणि मोबाइलसाठीची सक्ती रद्द केली. ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ अडू नये, हेही नमूद केले. युरोपीय संघाने २०२४ साली अशा पाकिटांचा कायदा केला. त्यात पाकीट वापरणे ऐच्छिक आहे, आणि वय सिद्ध करताना जन्मतारीख न सांगता 'अठरा पूर्ण' एवढेच दाखवता यावे अशी रचना आहे. जेवढे विचारले तेवढेच सांगायचे, हा व्यवहार आपल्याही आजी-आजोबांना पटला असता.

ऊस तोडून तोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परत पाठवले, तर दाखला कितीही अस्सल असो, त्याच्या लेखी तो पितळच. उलट त्याला धान्य त्याच दिवशी मिळाले आणि त्याची नोंद हेलपाट्यांशिवाय दुरुस्त झाली, तर पुढच्या खेपेला तो मोबाइल आपणहून पुढे करील. त्याला फर्मान काढून सांगावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)