सरासरीने उत्तीर्ण

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत आम्हा प्राध्यापकांत एक वाद हमखास निघतो. भाषाविज्ञानाच्या प्रश्नाला हातही न लावता केवळ कादंबरीवरील उत्तरांच्या बळावर तरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण म्हणावे काय? आम्ही बहुधा म्हणतो, कारण त्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. अमेरिकेत १९७९ साली हाच प्रश्न अणुवीजकेंद्राच्या चालकांविषयी उपस्थित झाला, आणि तेथे मात्र बिघडून चुकले होते.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या संचात पाणी पुरवणारे पंप बंद पडले. भट्टीतील दाब वाढला, तो उतरवण्यासाठी एक झडप आपोआप उघडली आणि उघडीच अडकून राहिली. फलकावरचा दिवा मात्र विझला. झडप मिटली, असा चालकांनी त्याचा अर्थ लावला. वास्तविक मिटण्याचा आदेश सुटला आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. (चिन्ह आणि चिन्हित यांतील अंतर आम्ही वर्गात शिकवतो, पण इतके महागडे उदाहरण आम्हाला कधी सुचले नव्हते.) पाणी दोन तासांहून अधिक काळ निसटत होते. दाब घटत असतानाच दाबनियंत्रक पात्रातील पातळी चढत होती. ते पात्र काठोकाठ भरू द्यायचे नाही, हे चालकांच्या मनावर पक्के बिंबवलेले होते. म्हणून त्यांनी आणीबाणीचे पाणीच कमी केले. गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

ही माणसे अडाणी नव्हती. त्यांच्याजवळ नियामक आयोगाचा परवाना होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. ऑक्टोबर १९७९च्या अहवालात त्याने चालकांच्या चुका नोंदवल्याच, पण परवाना-परीक्षेलाही तपासून पाहिले. आणीबाणीच्या कार्यपद्धतीवरील विभागात नापास झालेला उमेदवारही सरासरीच्या आधारे उत्तीर्ण होऊ शकत होता. सराव ज्या सिम्युलेटरवर होई, त्याला घटता दाब आणि चढती पातळी एकाच वेळी दाखवताच येत नव्हती.

आम्हाला अस्वस्थ करते ते याहून वेगळे. सप्टेंबर १९७७मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अडकली होती आणि तेथील चालकांनीही पाणी कमी केले होते. भट्टी अल्पशक्तीवर चालत असल्याने निभावले. प्रश्न दीड वर्ष आधीच हाती आला होता. तो अन्य केंद्रांच्या चालकांपर्यंत पोचला नाही.

मार्च १९८०मध्ये निकष बदलले: एकूण ७० टक्क्यांऐवजी ८० टक्के, शिवाय प्रत्येक विभागात किमान ७०. आमच्या मते ही सुधारणा आवश्यक होती, पण सोपी होती. टक्केवारी एका पत्राने बदलता येते. पाठ करून आलेला माणूस अनपेक्षित प्रसंगी काय करील, हे लेखी उत्तरावरून कसे ओळखावे, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. १९८७च्या नियमांनी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी त्या-त्या केंद्राशी जुळणाऱ्या सिम्युलेटरची अट घातली. तेथे उमेदवार पाळीतील सहकाऱ्यांसह नियंत्रणफलकासमोर उभा राहतो, परीक्षक न सांगता बिघाड घडवून आणतात, आणि मूल्यमापन प्रत्येकाचे स्वतंत्र होते.