वाशिममध्ये छत्री कुठली बसवायची? डीटीएचचा वर्षाचा खर्च आणि मराठी चॅनेलचा हिशेब

२०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यात राहतात. केबल मिळते ती मुख्यतः शहरांत. तांड्यावर किंवा शेतातल्या घरावर टीव्ही पाहायचा तर छत्री बसवावी लागते. कुठली बसवायची, याचं उत्तर दुकानात बहुतेक वेळा पॅकच्या नावाने मिळतं, आणि नावावरून खर्चाचा अंदाज येत नाही. त्यात सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या घरात पैसा वर्षातून एक-दोनदा येतो, रिचार्ज मात्र महिन्याला संपतो. त्यामुळे आकडा महिन्याचा न पाहता वर्षाचा पाहिलेला बरा.

सध्या खासगी डीटीएच सेवा चार कंपन्या देतात. टाटा प्ले (जानेवारी २०२२ पर्यंत नाव टाटा स्काय), एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट. डीटूएच वेगळं दिसत असलं तरी २०१८ पासून ते डिश टीव्हीचंच आहे. पाचवा पर्याय प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशचा. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही.

फुकट चॅनेललाही पैसे?

खासगी डीटीएचच्या बिलात तीन गोष्टी असतात. पहिली नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचा आकार. दुसरी पे चॅनेलची किंमत. तिसरा या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. इथे अनेकांची गल्लत होते. सह्याद्रीसारखं फ्री टू एअर चॅनेल स्वतः पैसे घेत नाही, पण ते खासगी बॉक्सवर पाहायचं तर पहिला आकार भरावाच लागतो. रिचार्ज संपला की पे चॅनेलबरोबर फुकटची चॅनेलही बंद होतात.

ट्रायच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर २०० चॅनेलपर्यंत हा आकार जास्तीत जास्त १३० रुपये घेता येत होता. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता कंपनी स्वतः आकार ठरवते. भागानुसार किंवा ग्राहकांच्या गटानुसार तो वेगळाही असू शकतो. म्हणून पुण्यातल्या नातेवाइकाने सांगितलेला दर मानोऱ्यात लागू होईलच असं नाही.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकार १३० रुपये धरा. घरात तीनच मराठी पे चॅनेल पाहिले जातात आणि प्रत्येकाची किंमत १९ रुपये आहे असं समजा. (पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात अनेक चॅनेल त्याहून स्वस्त असतात.) बेरीज १८७ रुपये, जीएसटी धरून २२०.६६ रुपये. वर्षाचे झाले जवळपास २,६५० रुपये. याच घराने २५०-३०० चॅनेलचा मोठा पॅक घेतला, तर जास्तीचे पैसे न पाहिलेल्या चॅनेलसाठी जातात. दुसरा टीव्ही असेल तर दुसरा बॉक्स आणि त्याचा वेगळा आकार.

मग कंपन्यांमध्ये फरक काय?

मराठी मालिकांपुरतं बोलायचं तर फारसा नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि सोनी मराठी टाटा प्ले, एअरटेल आणि डिश टीव्ही या तिन्हींवर मिळतात. चॅनेलची कमाल किंमत डीटीएच कंपनी ठरवत नाही, चॅनेल चालवणारी कंपनी ठरवते. सन डायरेक्टचा भर दक्षिणेकडच्या भाषांवर आहे. त्यामुळे तुलना करायची ती नेटवर्कचा आकार, बॉक्सची किंमत आणि मेकॅनिकच्या भेटीचा दर यांची. रिसोडच्या एखाद्या खेड्यात जवळचा दुरुस्तीवाला कोणत्या कंपनीचं काम करतो, हे महिन्याच्या वीस रुपयांच्या फरकापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं.

कंपनी बदलणंही सोपं नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. बॉक्स सगळीकडे चालावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण ग्राहकाला अजून त्याचा उपयोग झालेला नाही. शिवाय उपग्रह वेगळे असतात. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून वाशिममध्ये त्यांची छत्री दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे कललेली दिसते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर आहे. तो वाशिमहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर येतो. त्या बाजूला मोठा कडुनिंब असेल तर छत्रीची जागा आधीच बदललेली बरी. जोरदार पावसात चित्र अडकणं हा प्रकार मात्र सगळ्यांकडे आहे.

फ्री डिश कोणाला पुरते?

फ्री डिशचा बॉक्स आणि छत्री मिळून एकदाच साधारण २,००० रुपये लागतात. वरच्या उदाहरणातल्या घराचे हे पैसे वर्षभरात वसूल होतात. दूरदर्शनच्या चॅनेलबरोबर बातम्या, सिनेमे आणि काही खासगी चॅनेलही दिसतात. बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ आहे का, हे विचारा. जुन्या प्रकारच्या बॉक्सवर सगळी चॅनेल येत नाहीत.

अडचण दोन ठिकाणी आहे. मोठ्या मराठी मालिकांची पे चॅनेल इथे नाहीत. संध्याकाळच्या मालिकेवरच टीव्ही चालत असेल, तर त्या घरात फ्री डिश टिकत नाही. आणि खासगी चॅनेल लिलावातून येत असल्याने यादी बदलत राहते. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि कलर्स रिश्ते ही चारही लोकप्रिय हिंदी चॅनेल एकदम बाहेर पडली होती.

क्रिकेटमध्ये गंमत उलटी आहे. २००७ च्या कायद्यानुसार भारतीय संघाच्या ठरावीक सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. ते खासगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर दाखवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. म्हणजे असा सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, पण पैसे भरलेल्या बॉक्सवर त्याच वेळी दूरदर्शनचा वेगळाच कार्यक्रम चालू असतो. आयपीएल या कायद्यात येत नाही.

घर बंद ठेवायचं असेल तर

कामासाठी काही महिने बाहेरगावी जाणाऱ्या घरांना एक सोय माहीत असायला हवी. ट्रायच्या नियमांनुसार डीटीएच सेवा तात्पुरती थांबवता येते. अर्ज किमान १५ दिवस आधी करावा लागतो आणि मुदत पूर्ण महिन्यांची असते. त्या काळाचे पैसे कंपनीला घेता येत नाहीत. बॉक्स भाड्याचा असेल तर त्याचं भाडं तेवढं चालू राहतं.