पिकअप कमी होणे

पिकअप कमी होणे : ॲक्सिलरेटर दाबूनही मोटारीचा वेग हवा तसा न वाढण्याचा दोष. बोलीत ‘गाडी ओढत नाही’, ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. तक्रार एकच असली तरी कारणे दहा निघतात. त्यामुळे जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो, की गाडी केव्हा ओढत नाही? थंड असताना, तापल्यावर, चढावर, की एसी लावल्यावर? परभणी, मानवत, पाथरी या सपाट पट्ट्यात दोष बरेच दिवस झाकलेला राहतो. जिंतूरच्या डोंगराळ भागात, नेमगिरीच्या बाजूचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये तो उघडा पडतो.

परभणी जिल्ह्यात तपासणी हवेपासून सुरू करावी. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते आणि ती सगळी एअर फिल्टरच्या कागदी घड्यांतून जाते. इथली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. सोयाबीनच्या मळणीचे भूस आणि दसऱ्यानंतर कापसाचे तंतू तिला येऊन मिळतात. जिनिंगच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा फिल्टर काढून पाहावा. वर रुईचा पातळ थर असतो, तो बोटाने सोलला की गोधडीच्या अस्तरासारखा अखंड निघतो, आणि खाली घड्यांच्या फटींत काळी धूळ घट्ट बसलेली असते. मॅन्युअलमधले बदलाचे अंतर साध्या रस्त्यांसाठी असते. धुळीत ते निम्मे धरावे. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि बेताने. फिल्टर काढून गाडी पळवून पाहण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. घराशेजारी कापूस साठवलेला असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घर आहे का, तेही बघावे; सोबत वायरीही कुरतडलेल्या सापडतात.

मे महिन्यातली थोडी मरगळ दोषात धरू नये. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या लहान इंजिनाला ते जाणवते. वर एसीचा भार असतोच.

हवेनंतर इंधन. पेट्रोल गाडीत पंपाचा दाब, फिल्टर, इंजेक्टर आणि ठिणगीसाठी प्लग-कॉइल, या क्रमाने जावे. हल्ली प्रत्येक दोषाचे खापर इथेनॉलवर फुटते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडे घटते हे खरे, पण काल पळणारी गाडी आज अचानक रखडली तर कारण दुसरीकडे शोधावे. मात्र पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचलेले असू शकते. ट्रॅक्टरसाठी आणलेले कॅनमधले डिझेल मोटारीत ओतले तरी हेच घडते. तेव्हा डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. कॉमन रेल इंजिन चालू असताना नळ्यांना हात लावू नये. आतला दाब हजार बारच्याही वर जातो आणि बारीक गळतीची धार कातडीत शिरते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना स्कॅनर लावावाच लागतो, पण त्यावर दिसणारा दोषाचा कोड म्हणजे पार्टचे नाव नव्हे. ‘पी ०१७१’ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा खर्चिक आळस आहे. कोड इतकेच सांगतो, की मिश्रणात इंधन कमी पडते. त्याचे कारण फाटलेला हवेचा पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा थकलेला पंप असू शकते. ‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पुष्कळदा पाइपाची क्लिप सुटलेली असते आणि सांध्यावर तेलाचा ओलावा दिसतो. डिझेल गाडी नुसती गावातल्या गावात फिरली तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबतो व गाडी ताकद आवरते. त्याचा इशाऱ्याचा दिवा नुकताच लागला असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे कल्याण–निर्मल महामार्गावर नांदेडच्या दिशेने सलग वेगात नेणे पुरते.

इंजिन निर्दोष असूनही गाडी जड चालते. आवाज चढतो पण काटा हलत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. न्यूट्रलमध्ये गाडी लगेच थांबत असेल तर ब्रेक जाम आहे. थोडे चालवून चारही चाकांजवळ हात न लावता नेला की तापलेले चाक कळते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात वाळून बसतो आणि कॅलिपरच्या पिना गंजतात. या दोन तपासण्यांना पैसा लागत नाही, तरी त्या सगळ्यात शेवटी होतात.

एवढे करूनही ओढ आली नाही तर कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनात एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळते. रिंगा झिजलेल्या गाडीच्या हवेच्या पाइपात, फिल्टरच्या पुढे इंजिनाकडच्या बाजूला, आतून बोट फिरवावे. अनेकदा बोटाला काळी माती लागते.