मोहन पार्कात, सोमवारी

नागपूरच्या शुक्रवारी तलावाच्या काठाने या. पाटीवर गांधीसागर लिहिलेलं असलं तरी जुन्या नागपूरकरांच्या तोंडात ते नाव बसत नाही. काठाजवळ एक मॉल आहे, एम्प्रेस सिटी. त्यातली ‘एम्प्रेस’ उसनी आहे. या जागेवर जमशेटजी टाटांची कापडाची मिल होती. 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून मिलला तिचं नाव. 2002 साली मिल कायमची बंद झाली.

सरकत्या जिन्यावर पाय ठेवा. वर पोचाल तेव्हा कपड्यांची दुकानं नसतील. पुरुष वाचकांनी सांभाळून घ्यावं, पण आजच्या प्रवासात तुम्हीही बाईच आहात. एक दिवस सोसेल.

भोंगा वाजतो. तो कानांआधी छातीत शिरतो. सोमवार, 20 जुलै 1942. आषाढाचं आभाळ खाली उतरलेलं, पायाखाली काळा चिकट चिखल. अंगावर लुगडं आहे आणि कासोटा तुम्हाला नीट जमलेला नाही, हे बाजूने जाणाऱ्या दोघीतिघींनी ओळखलंय. त्यांचे पाय मात्र मिलच्या दाराकडे वळत नाहीत.

“ड्यूटीवर नाही?” तुम्ही विचारता.

“खाडा,” एक जण म्हणते. फडक्यात बांधलेली चून-भाकर ती या काखेतून त्या काखेत घेते. “आज बायांची परिषद हाय ना. तुम्ही कायले थांबून राहिल्या? चला.”

खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. महायुद्ध चालू आहे, धान्य महाग झालंय, आणि ही बाई सोमवारचे पैसे सोडून भाषण ऐकायला निघाली आहे. तिच्या मागे चालू लागा. तिचं नाव विचारू नका. ते कुठे नोंदलेलं नाही आणि मी तिच्यासाठी एखादं बनवणार नाही.

मोहन पार्कात मांडव आहे. गेले दोन दिवस इथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढायचं ठरलं ते इथेच. आज त्याच मांडवात बायकांची परिषद आहे. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील, चिटणीस इंदिराबाई पाटील. समोर सुमारे 25 हजार बायका. आकडा वाचायला सोपा आहे, म्हणून आत शिरून बघा. तान्ही पोरं मांडीवर. ओल्या सुती कापडाचा, तंबाखूचा, पोरांच्या डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास. बिड्या वळणारीची बोटं लगेच ओळखू येतात, पिवळी पडलेली. मिलमधल्या बाईच्या केसांत कापसाचं पुंबडं अडकलेलं. गावाकडून आलेल्या बायका दारापाशी थबकतात, कुणी हटकेल का याचा अंदाज घेतात आणि मग आत येतात.

हे थबकणं बघून ठेवा. त्यासाठी थोडं आणखी मागे जावं लागेल. लांब नाही, कामठी स्टेशनपर्यंत.

विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. दुष्काळाने उमरेडकडून नागपूरला आलेल्या एका महार कुटुंबातली जाईबाई फलाटावर हमाली करते आहे. वय लहान, डोक्यावर ओझं पोत्याएवढं. मिशनच्या मिस ग्रेगरी गाडीतून उतरतात. त्यांचं सामान हीच उचलते. बोलताबोलता ग्रेगरीबाई तिला शिकवायचं मनावर घेतात, आणि ही हमालीण महिना चार रुपयांवर मास्तरीण होते. मग अस्पृश्य मास्तरीण नको असा गलका होतो आणि नोकरी सुटते. 1922 साली तिने नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. मराठी मुलखात शिक्षिका म्हटलं की आपण सावित्रीबाईंवर थांबतो आणि हात जोडून मोकळे होतो. जाईबाई चौधरींचं नाव नागपूरच्याही किती शाळांत घेतलं जातं, तुम्हीच सांगा.

आता डिसेंबर 1937. याच शहरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन आहे, मोठ्या घरच्या, शिकलेल्या, समतेवर सुरेख बोलणाऱ्या बायकांचं. जाईबाईंना निमंत्रण आहे. जेवणाची वेळ होते आणि त्यांचं पान वेगळं मांडलं जातं. तुम्ही पंगतीच्या टोकाला उभ्या आहात. काही बोलाल? त्या दिवशी पंगतीत बोलण्याचं कुणाला सुचलं नाही. नागपूरच्या दलित बायकांनी मात्र 1 जानेवारी 1938 ला निषेधाची सभा घेतली. बायका म्हणून सगळ्या एक, हे वाक्य त्यांनी ताट वाढून झाल्यावर तपासलं होतं.

या मोठ्या मांडवामागे ती पंगत आहे. 1942 ची परिषद म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांना ऐकायला लोटलेली गर्दी, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. या बायकांना आपला मांडव पुरुषांपासून वेगळा हवा होता, तसाच इतर बायकांपासूनही.

परत या, सभा सुरू झाली आहे.

सुलोचनाबाई अध्यक्षीय भाषण करताहेत. सक्तीच्या शिक्षणाबद्दल बोलतात आणि मग संततिनियमनाबद्दल. होय, 1942 मध्ये, भर मांडवात, हजारो बायकांसमोर, पहिलटकरणी आणि सातव्या खेपेच्या बाळंतिणी एकत्र बसलेल्या असताना. मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून कोर्टकचेऱ्या सोसत होते. 1938 साली मुंबईच्या कायदेमंडळात आंबेडकरांच्या पक्षाने या विषयावर ठराव आणला तोही फेटाळला गेला. शहाण्या सभागृहाला जे ऐकवलं नाही ते इथे बायका मान खाली न घालता ऐकतात. तुमच्या शेजारची पदर तोंडाला लावून हसते. दुसरी तिला कोपर मारते. “हसून काय राहिली? खरंच तं सांगून राहिल्या.”

मग ठराव येतात. हा सभांचा सगळ्यात कंटाळवाणा भाग, हे मान्य. पण आज पेंगू नका. तुम्हाला इथवर आणलं ते यासाठीच.

बायकोला काडीमोडाचा हक्क कायद्याने द्यावा. जातीत सोडचिठ्ठी चालत नव्हती असं नाही. पंच बसत, दंड घेत, मोकळं करत. पंच पुरुष होते, हीच गोम. बायका आता पंचांकडून नको, कायद्याकडून मागताहेत. त्याच्या पाठोपाठ, एक बायको असताना दुसरी करण्याची चाल कायद्याने बंद करा. इथे मांडवात एक विचित्र शांतता पसरते. सवत कुणाच्या तरी शेजारीच बसलेली असेल.

आणि मग कामाचं. मिल, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा, शिवाय एक महिना भरपगारी रजा. काम करताना इजा झाली तर भरपाई. वीस वर्षं नोकरी झाली की महिना किमान 15 रुपये पेन्शन. मिलमध्ये बायकांवर देखरेखीला बाईच नेमावी.

देखरेखीला बाई. एवढंच लिहिलंय. का, ते ठरावात लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही. खाड्यावर आलेली ती बाई आता हसत नाही. जॉबर, म्हणजे मिलचा मुकादम, पाठीमागून कसा येतो, सुताची गुंडी तपासताना हात कुठे ठेवतो, कुणाला कामावर घेतो आणि कुणाला उद्या ये म्हणतो, हे तिला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा या देशात 2013 साली झाला. मोहन पार्कातल्या बायकांकडे तेव्हा त्यासाठी शब्द नव्हता, पण नेमका उपाय होता.

असं मागायची सवय हवेतून आली नव्हती. याच नागपूरच्या मिलमधल्या राधाबाई कांबळे 1929 साली नेमलेल्या रॉयल लेबर कमिशनसमोर साक्ष देऊन आल्या होत्या. युनियनच्या बैठकांना बायका बसत. कौसल्या बैसंत्रींचे आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये राबले आणि त्यांनी मुलींना शाळेत घातलं. कौसल्याबाईंनी पुढे सत्तरी ओलांडल्यावर ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन लिहिलं, हिंदीत. नागपूरचं आहे, मुळात मराठी घरातलं आहे. मराठी वाचकांनी ते आपलं म्हणून वाचावं.

“पंधरा रुपये,” तुमची सोबतीण पुटपुटते. ती बोटांवर काहीतरी मोजते आहे. लहानपणीच मिलमध्ये लागली असेल, तर वीस वर्षं कधी भरतील? भरली असतील का? बोटं दोनदा पुरी होतात आणि ती थांबते.

आणखी ठराव येतात. दर प्रांतात 50 मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृह. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायकांना जागा. टाळ्या पडतात तेव्हा पोरं दचकून रडायला लागतात आणि सूत्रधार बाई हात वर करून सगळ्यांना गप्प करते.

बाबासाहेब बोलायला उठतात. याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांचं नाव जाहीर झालंय, खातं मजुरांचं. म्हणजे ज्या बायकांनी आत्ता रजा-पेन्शन मागितलं, त्यांच्यासमोर मजूरमंत्रीच उभा आहे. समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मी मोजतो, अशा आशयाचं ते बोलतात. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, लग्न केलंत तर नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका. हे तुम्ही ऐकलेलं आहे. आठ मार्चच्या प्रत्येक फलकावर, बहुतेक वेळा फक्त पहिलं वाक्य, आणि बहुतेक वेळा पुरुष वक्त्याच्या तोंडून. बोलणाऱ्याने काय म्हटलं ते पाठ झालं. ऐकणाऱ्यांनी त्याच दिवशी काय मागितलं ते राहिलं. माझी तक्रार एवढीच आहे.

सभा संपते. चून-भाकर चिखलात बसूनच खातात. तुम्हालाही अर्धी मिळते. घास घ्या आणि जिन्याकडे चला. मॉलचे दिवे लागलेत.

वर जाताना ठरावांचा हिशोब करा. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारी रजेचा दर 1948 च्या फॅक्टरी कायद्याने ठरला, वीस दिवस कामाला एक दिवस, आणि तो दर अजून तोच आहे. म्हणजे वर्षभर खपून पंधरा दिवसांच्या आसपास. मोहन पार्काने एकूण 51 मागितले होते. घटस्फोट आणि एकपत्नीत्व 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आलं. पंचायती आणि नगरपालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. संसद आणि विधानसभेचं आरक्षण 2023 साली मंजूर झालं, 81 वर्षांनी. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. 1942 च्या पंधरा रुपयांत काय यायचं आणि आजच्या हजारात काय येतं, हे एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने काढून बघावं. घरोघरी भांडी घासणाऱ्या आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या कितीतरी बायका तर त्या हजाराच्या यादीतही नाहीत.

जिना संपला. कासोटा गेला, पाय कोरडे झाले, हातात मोबाइल आला. तोंडात ज्वारीची चव थोडी राहिली असेल.

त्या मांडवातल्या 25 हजारांपैकी आपल्याला दहा-बारा नावं माहीत आहेत. मांडीवरची पोरं आज ऐंशीच्या पुढे आहेत, पंधरा-सोळाच्या मुली शंभरीला टेकल्या असतील. नागपुरात, कामठीत, उमरेडला, अमरावतीकडे तुमच्या घरी अशी एखादी आजी असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. आजच जवळ बसा आणि विचारा, माय, मोहन पार्कात होतीस का? होती म्हणाली तर आधी तिचं पूर्ण नाव लिहून घ्या.