सुकं, खारं आणि डब्यातलं : दोन माणसांच्या घरातल्या मासळीचा इतिहास



गेल्या पावसाळ्यात एक काकू दवाखान्यात आल्या. वय ७१, ब्लडप्रेशरच्या जुन्या पेशंट. पिशवीतून नेहमीच्या गोळ्या काढल्या आणि मग एक चपटा गोल डबा टेबलावर ठेवला. ट्यूना माशाचा.

"लेक कॅनडाहून आली होती, असे सहा डबे ठेवून गेलीय. नूडल्समध्ये घालून कॅसरोल करायला शिकवलंय तिनं. डॉक्टर, हे मला चालेल का? तुम्ही सुकं बंद केलंय ना, म्हणून विचारते."

मी वजन पाहिलं. दोन वर्षांत ५८ वरून ५२ किलो. खुर्चीतून उठताना त्या हात टेकत होत्या. मासे खाता का, विचारलं तर म्हणाल्या, "ताजं आणायला बाजारात कोण जाणार? यांचे गुडघे, माझे गुडघे. आणि दोघांसाठी पापलेट परवडतं का? सुकं होतं तोवर चालायचं. आता रात्री चहा-खारी घेतो आम्ही."

त्यांचा जुना कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'लोणचं, पापड, सुकी मासळी बंद.' लोणचं-पापडाबद्दल मी बरोबर होतो. सुक्या मासळीबद्दल अर्धाच बरोबर होतो. ते अर्धं कसं चुकलं हे समजायला मासळी टिकवण्याचा इतिहास बघावा लागतो. आजचा लेख त्यावर आहे, आणि काकूंच्या कॅसरोलवरही.

आगोटीची बेगमी

कुर्ला हे नाव कुर्लीवरून, म्हणजे खेकड्यावरून पडलं असं सांगतात. मिठी नदी, खाडी आणि दलदल यांच्या काठचं हे गाव, त्यामुळे ते पटतंही. इथल्या जुन्या ईस्ट इंडियन वस्तीत आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत मासळी रोजची. पण पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि होड्या किनाऱ्याला लागतात. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला कायद्यानं बंदी असते, पण त्या आधीही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत होतीच. म्हणून मे महिन्यात आगोटीची बेगमी व्हायची. त्यात धान्य, मसाले, लाकूडफाटा यांच्याबरोबर सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या आणि खारा बांगडाही असायचा.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आपण 'सुके' बोंबील म्हणतो आणि 'खारा' बांगडा म्हणतो. आपल्या भाषेनं या दोन पद्धती कधीच वेगळ्या केल्या आहेत.

बोंबलाच्या अंगात पाणी फार, त्यामुळे तो लवकर खराब होतो. पण तो बारीक आणि मऊ असल्यानं उन्हावाऱ्यात पटकन सुकतोही. वर्सोवा, मढ, गोराईकडे गेलात तर बांबूच्या आडव्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले बोंबील दिसतील. या पद्धतीत मीठ घालावं लागत नाही. पाणी गेलं की जंतूंना वाढता येत नाही. जवळाही असाच उन्हात पसरून सुकवतात.

बांगडा, सुरमई, मुशी यांचं तसं होत नाही. अंग जाड, काहींत तेल जास्त. आतलं पाणी सुटेपर्यंत मासा सडेल. म्हणून तो चिरून मिठात मुरवायचा. मीठ पाणी ओढून घेतं आणि जंतूंना थोपवतं. मुंबईच्या भोवती, वडाळ्यापासून भांडुप-मुलुंडपर्यंत मिठागरं होती, त्यामुळे मीठ हाताशीच होतं. या माशांत मीठ चवीपुरतं नसतं, मासा टिकतो तोच मिठावर. ते कमी करून चालायचं नाही.

कुर्ला पुढे बदललं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. कोकणातून आलेला गिरणी कामगार एका खोलीत राहायचा. त्याच्या गावाकडच्या पिशवीत सुकट असायची. दोन बोंबील निखाऱ्यावर भाजले, भाकरी आणि कांदा घेतला की जेवण झालं. कमी माणसं, कमी जागा, कमी वेळ आणि बर्फाची सोय नाही, अशा घराचं प्रथिन म्हणजे सुकी मासळी.

डब्याचा जन्म

असाच प्रश्न युरोपात सैन्यापुढे होता. हजारो माणसं लांब जाणार, तर अन्न टिकवायचं कसं? निकोला आपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्यानं वर्षानुवर्षं प्रयोग केले. अन्न काचेच्या बाटलीत घालायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीचे डबे छिन्नी-हातोडीनं फोडावे लागत. डबा उघडण्याचं हत्यार यायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं गेली!

अन्न का टिकतं हे आपेरला माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा पुढे पाश्चरनं केला. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात हॅम खाऊन माणसं दगावली आणि एमिल व्हान एर्मेनजेम यांनी त्यामागचा जंतू शोधला. त्याला आज आपण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो. हवा नसलेल्या जागी तो वाढतो आणि नसा लुळ्या पाडणारं विष तयार करतो. त्याची बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत. म्हणून आज मासळीचे डबे दाबाखाली, सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व, फक्त वेळ आणि तापमान काटेकोर मोजलेलं.

म्हणजे डब्यातला मासा मिठावर टिकत नाही, उष्णतेवर टिकतो. त्यातलं मीठ मुख्यतः चवीसाठी असतं. म्हणूनच बिनमिठाचा, नुसत्या पाण्यातला ट्यूनाही बाजारात मिळतो. खारा बांगडा बिनमिठाचा मिळणं शक्यच नाही.

ट्यूना नूडल्सच्या आत गेला कसा?

ट्यूना आपल्याला परका नाही. कुपा, गेदर म्हणतो ते त्याच कुळातले. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तो उकडून, धुरी देऊन, सुकवून 'मास' करतात. तिथं १९६९ साली ट्यूना डबाबंद करण्याचा कारखानाही निघाला.

अमेरिकेत मात्र १९०३ पर्यंत ट्यूनाला फारसं कोणी विचारत नव्हतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात सार्डिन मासा जाळ्यात येईना. कारखान्यात डबे रिकामे पडलेले, म्हणून अल्बर्ट हाफहिल यांनी ट्यूना भरून बघितला. तो शिजून पांढरा झाला, चवीला सौम्य निघाला आणि चालला. पुढे १९३४ मध्ये कॅम्पबेल कंपनीनं मश्रूमचं घट्ट सूप डब्यात आणलं. झालं! उकडलेल्या नूडल्स, एक डबा ट्यूना, एक डबा सूप, मूठभर मटार, वरून ब्रेडचा चुरा किंवा कुस्करलेले वेफर्स, आणि भट्टीत अर्धा तास. हाच तो ट्यूना नूडल कॅसरोल. कॅसरोल हे मुळात भांड्याचंच नाव. मंदीच्या काळात स्वस्त म्हणून आणि युद्धानंतर नोकरी करणाऱ्या बायकांना सोपा म्हणून तो घराघरात गेला.

१९४३ मध्ये अमेरिकेत डबाबंद अन्न रेशनवर आलं. मुंबईत धान्याचं रेशनिंगही त्याच साली सुरू झालं. टंचाईत दोन्हीकडच्या गृहिणी एकच करत होत्या : पोट भरणारं धान्य, त्यात टिकाऊ मासळी थोडी, आणि एकच भांडं. आपली सोड्याची खिचडी तरी काय आहे? तांदूळ, सोडे, कांदा, खोबरं. जागा, पीठ आणि मासा बदला, हिशोब तोच.

मग मीठ कुठे लपलंय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून एक लहान चमचा. कॅसरोलमध्ये सर्वात जास्त मीठ माशात नसतं. ते तयार सुपात, वेफर्समध्ये आणि इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीत असतं. या तिन्ही गोष्टी वेळ वाचवण्यासाठी आल्या. त्या काढल्या तरी पदार्थ उभा राहतो.

काकूंना मी लिहून दिलेलं दोन माणसांचं माप असं :

- साध्या नूडल्स १०० ग्रॅम (मसाल्याची पुडी नको). थोड्या कच्च्या असतानाच निथळा.
- पाण्यातला ट्यूना, एक लहान डबा. पाणी काढून टाका. मिठाच्या पाण्यातला असेल तर गाळणीत धुऊन घ्या.
- एक चमचा तेल किंवा लोण्यावर अर्धा कांदा आणि चार-पाच मश्रूम परता. त्यात एक मोठा चमचा कणीक भाजा आणि एक कप दूध हळूहळू घालत ढवळा. दाटसर झालं की मिरपूड घाला. डब्यातल्या सुपाची जागा हे घेतं.
- मूठभर मटार, मग नूडल्स आणि ट्यूना मिसळा. वर एका ब्रेडचा चुरा.
- ओव्हन असेल तर १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. चुरा मग वेगळा भाजून वर घाला.

डबा लहान घ्यायचं कारण शिळवड. मूळ कृती मोठ्या घरासाठी होती. दोघांच्या घरात ती केली की चार दिवस पुरते, आणि चौथ्या दिवशी ती खाऊ नये. बंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, पण उघडल्या क्षणी तो ताज्या माशासारखाच नाशवंत होतो. उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फुगलेला, गळका किंवा उघडताना फसकन पाणी उडणारा डबा चाखून न बघता फेकून द्या.

अजून एक. ट्यूना, कुपा, बांगडा हे मासे उष्ण जागी राहिले की त्यांत हिस्टॅमिन तयार होतं. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. हे विष पुन्हा शिजवल्यानं जात नाही.

काकूंचा नवा कागद

६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. चहा-खारीत ती नावालाच, आणि खारीत मीठ असतं ते वेगळंच! लहान डब्यातला अर्धा ट्यूना किंवा २५ ग्रॅम सुके बोंबील, दोन्हींतून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. उतारवयात प्रथिनं कमी पडली की आधी मांड्यांचे स्नायू झिजतात. मग खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, मग तोल जातो, आणि पुढे खुब्याचं हाड मोडतं. मी ब्लडप्रेशर सांभाळताना हे पाहिलंच नव्हतं.

म्हणून जुना कागद फाडून नवा लिहिला :

- खारी मासळी बंद.
- बिनमिठाचे सुके बोंबील किंवा जवळा आठवड्यातून दोनदा, थोडा. कोमट पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन. वरून मीठ बेतानं. हल्ली काही ठिकाणी यांनाही मीठ लावतात, म्हणून घेताना विचारायचं आणि तुकडा जिभेला लावून बघायचा. खारट लागला तर नको.
- ट्यूनाचा डबा आठवड्यातून एकदा. लेबलवर सोडियमचा आकडा वाचून.
- बाकी दिवस अंडं, डाळ, दही.

हा कागद काकूंचा आहे, सगळ्यांचा नाही. किडनीचा आजार किंवा गाउट असेल तर सुकी मासळी आणि डबा दोन्ही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर स्त्रियांनी मोठ्या जातीचा ट्यूना टाळावा, त्यात पारा जास्त साठतो.

तीन महिन्यांनी काकू आल्या तेव्हा वजन ५४ होतं आणि ब्लडप्रेशर होतं तिथंच. कॅसरोल कसा झाला, विचारलं. म्हणाल्या, "यांना फिका लागतो. मी त्यात हिरवी मिरची घालते. पण खरं सांगू? बोंबील परत मिळाले ते बरं झालं."

तुमच्या घरातही कुणाला 'सुकं बंद' असं सांगितलेलं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा : सुकं बंद की खारं बंद? आणि बंद केलेल्या घासाच्या जागी काय खायचं, तेही लिहून घ्या.